बिडाचं पॅन घेऊन परीराज्यात: ‘द वी फ्री मेन’

ओढ्याच्या उथळ पाण्यातून एक हिरव्या दातांची, लांब हातांची बया वर येते. काठावर नऊ वर्षांची टिफनी आणि तिचा चिकट तोंडाचा धाकटा भाऊ. टिफनी त्याला उचलून मागे उडी मारते आणि तडक घर गाठते. आईला हाक नाही, रडणं नाही. ती परीकथांचं जुनं पुस्तक काढते. त्यात या बयेचे डोळे ‘सूपच्या बशीएवढे’ असल्याचं लिहिलेलं असतं. मग स्वयंपाकघरात जाऊन ती सूपची बशी मोजते. आठ इंच, म्हणजे साधारण वीस सेंटिमीटर. माहिती पक्की झाल्यावर घरातलं सगळ्यात जड फ्राइंग पॅन उचलते, भावाला गोळ्यांची पिशवी देऊन पुन्हा काठावर बसवते आणि बया वर आली की तिच्या टाळक्यात पॅन हाणते.

इंग्रजी लेखक टेरी प्रॅचेट यांच्या ‘द वी फ्री मेन’ या कादंबरीची ही सुरुवात आहे, आणि पुस्तक घ्यावं की नाही याचा निकाल इथेच लावता येतो. बशी मोजण्यात गंमत आहे हे ज्या मुलाला कळलं, त्याला पुढची पानं पुरून उरतील. ‘पण तिच्याकडे जादूची छडी का नाही?’ असं जे विचारेल, त्याच्यासाठी दुसरं काही बघा. छडी शेवटपर्यंत येत नाही.

कादंबरी २००३ ची. प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतली ही तिसावी. पण आधीच्या एकोणतीस वाचायची काही गरज नाही. दोन पाहुण्या चेटकिणी शेवटी डोकावतात, त्यांची ओळख नसली तरी अडत नाही. चौदा प्रकरणं, पानं तीनशेच्या आसपास, म्हणजे एक प्रकरण सरासरी वीस-बावीस पानांचं. २००४ मध्ये तिला किशोरवयीन कादंबरीसाठीचा लोकस पुरस्कार मिळाला. नायिका नऊ वर्षांची असली तरी वाचक तेवढाच लहान नको. इंदूरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकणाऱ्या, घरी मराठी आणि गल्लीत हिंदी बोलणाऱ्या मुलांचा विचार केला, तर बारा ते पंधरा हे वय बरोबर बसतं. मोठ्या माणसाने शेजारी बसून वाचून दाखवलं तर दहाव्या वर्षीही चालेल.

गोष्ट सरळ आहे. परीराज्याची राणी टिफनीच्या भावाला, वेंटवर्थला, पळवून नेते. टिफनीला तो फारसा आवडत नाही. सतत गोळ्या मागतो, सतत चिकट असतो. तरी ती त्याला आणायला निघते, कारण तो तिचा आहे. या ‘माझा’ शब्दाभोवती प्रॅचेट यांनी सगळी कादंबरी विणली आहे. हा भाऊ, ही मेंढरं, हा डोंगर, हे माझं, म्हणून त्याची जबाबदारी माझी. बहीण-भावाच्या प्रेमाचे गोड संवाद पुस्तकात जवळपास नाहीत, आणि ते बरंच झालं.

आता पऱ्या. पंख, चांदण्या, फुलांचे झगे शोधू नका. टिफनीच्या मदतीला येतात ते नॅक मॅक फीगल: सहा इंचांचे, लाल केसांचे, अंगभर निळे गोंदलेले, कमरेला स्कॉटिश घागरा आणि पाठीला तलवार. चोरी, मारामारी आणि दारू हे त्यांचे तीन धंदे. मेंढी चोरायची झाली तर चौघं चार पायांखाली शिरतात आणि मेंढी उलट्या दिशेने पळत सुटते. परीराज्यातूनच हे हाकलले गेलेले. आपण आधीच मेलो आहोत आणि हे जग म्हणजे स्वर्ग आहे अशी त्यांची ठाम समजूत, कारण मारामारीला शत्रू, चोरायला मेंढ्या आणि प्यायला दारू जिथे आहे तो स्वर्ग नाही तर काय? त्यामुळे मरणाला ते भीत नाहीत. भितात ते वकिलाला आणि कागदावर लिहिलेल्या आपल्या नावाला. कोर्टाची पायरी चढलेल्या कुठल्याही घरात हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

त्यांची टोळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चालते. टेकाडाखाली बीळ, त्यात एकच राणीमाता. तिला केल्डा म्हणतात. बाकी शेकडो मुलगे. केल्डा मरते आणि टिफनीला तात्पुरती केल्डा व्हावं लागतं. नियमाप्रमाणे केल्डाने टोळीतला नवरा निवडायचा! नऊ वर्षांच्या मुलीवर हा प्रसंग आणून प्रॅचेट तिला त्यातून ज्या युक्तीने सोडवतात ती इथे सांगून मजा घालवायची नाही. एवढंच सांगतो: ती लग्नाला नाही म्हणत नाही, तारीख देते. पालकांनी हे पान आधी वाचलं तरी काळजीचं काही सापडणार नाही. प्रसंग स्वच्छ आणि खट्याळ आहे, आणि लग्नाच्या कल्पनेने मुलीपेक्षा नवरदेवच जास्त घाबरलेला आहे.

परीराज्याचे नियम मात्र कडक आहेत, आणि लेखकाने ते नीट पाळले आहेत. मुलाने हे तीन लक्षात ठेवले तर मधली प्रकरणं सुटत नाहीत. एक, तिथे वेळ वेगळा चालतो. बाहेर वर्ष गेलं तरी आत अडकलेल्याला ते थोडेच दिवस वाटतात. दोन, तिथल्या बर्फात ड्रोम नावाचे गोळामोळा प्राणी बसलेले असतात. ते स्वप्नं विणतात आणि तुम्हाला आत ओढतात. स्वप्नात काही खाल्लं की संपलं, तुम्ही तिथलेच. तीन, प्रत्येक स्वप्नात ड्रोम स्वतः कुठल्या तरी रूपात हजर असतो आणि त्याला ओळखणं हाच सुटकेचा मार्ग. टिफनी त्याला कशी ओळखते हे बघण्यासारखं आहे. तिथेही बशी मोजणारीच मुलगी कामाला येते, मंत्र नाही.

पुस्तक अर्धवट सुटतं ते भाषेमुळे. फीगल स्कॉटिश वळणाचं इंग्रजी बोलतात आणि प्रॅचेट ते ऐकू येतं तसं लिहितात. पहिल्याच प्रकरणात होडीतले दोन फीगल ओरडतात, तिथे चांगल्या इंग्रजीचं मूलही अडखळतं. शब्दकोश उघडला तर हे स्पेलिंग सापडत नाही. मग मुलाला वाटतं आपलंच इंग्रजी कच्चं, आणि पुस्तक उशीखाली जातं. उपाय एकच: फीगलांची वाक्यं डोळ्यांनी वाचायची नाहीत, मोठ्याने वाचायची. ‘हेड’चं ‘हीड’, ‘हाउस’चं ‘हूस’, ‘आउट’चं ‘ऊट’ होतं हे कानाला दहा मिनिटांत कळतं. बाकी पाठ करण्यासारखे शब्द मोजके. केन म्हणजे माहीत असणं, बेर्न म्हणजे लेकरू, वी म्हणजे इवलंसं, डिना म्हणजे नको किंवा नाही, हॅग म्हणजे चेटकीण, गॉनॅगल म्हणजे टोळीचा भाट. ‘क्रिव्हन्स’ हा नुसता उद्गार, त्याचा अर्थ शोधू नये. एका चिठ्ठीवर हे लिहून पुस्तकात खुणेला ठेवलं की काम झालं. टिफनीच्या पुढच्या पुस्तकात, ‘अ हॅट फुल ऑफ स्काय’मध्ये, फीगल शब्दांची मिश्कील सूची दिली आहे. ती खरं तर इथे हवी होती.

वाचून दाखवणाऱ्याला इंदुरात एक सोय आहे जी पुण्या-मुंबईत नाही. टिफनी आणि बाकी माणसं साध्या इंग्रजीत वाचा, आणि फीगलांना माळवी हेल द्या. शब्द बदलायचे नाहीत, फक्त चाल: मंडईत ‘कंई करी रिया हो’ ज्या लयीत ऐकू येतं ती. मूळ पुस्तकात गावरान बोली आणि घरची बोली यांचा जो धक्का लागतो तोच इथे लागतो, आणि रॉब एनीबडीचा मुखियाचा तोरा त्या चालीत अगदी बसतो. त्याचा भाऊ डाफ्ट वुली मंदबुद्धीचा आहे. त्याचे संवाद हळू घ्या, नाहीतर त्याचे विनोद रॉबच्या गडबडीत बुडतात. पहिली चार प्रकरणं अशी मोठ्याने झाली की पुढे मुलं स्वतः वाचतात. पाचव्यापासून हात सोडायला हरकत नाही. मोठ्याने वाचायला घरात कोणाला सवडच नसेल तर स्टीफन ब्रिग्ज यांच्या आवाजातली पूर्ण श्राव्य आवृत्ती आहे. पुस्तक समोर धरून पहिले दोन-तीन तास ती ऐकली तरी बोली कानात बसते. टोनी रॉबिन्सन यांच्या आवाजातलीही मिळते, पण ती संक्षिप्त आहे. पुस्तकाबरोबर ताडून ऐकायला गेलात तर परिच्छेदच्या परिच्छेद जुळणार नाहीत.

टिफनीने शब्दकोश पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला आहे, कारण तो तसा वाचायचा नसतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे तिला कितीतरी शब्द माहीत आहेत जे तिने कधी ऐकलेले नाहीत. पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्या आपल्याकडच्या मुलांना ही मुलगी लगेच ओळखीची वाटते.

तळटीपा सोडू नयेत. प्रॅचेट निम्मा विनोद तिथे करतात. ई-बुकमध्ये त्या पानाखाली दिसत नाहीत, आकड्यावर बोट ठेवून उघडाव्या लागतात, आणि मुलं तेवढा त्रास घेत नाहीत. म्हणून हे पुस्तक कागदावरचंच बरं.

विनोद, मारामारी, निळे चोर हे सगळं वरवरचं. पुस्तक खरं आहे एका मेलेल्या आजीचं. ग्रॅनी एकिंग ही टिफनीची आजी, त्या खडूच्या टेकड्यांवरची सगळ्यात जाणती मेंढपाळीण. चाकांवरच्या झोपडीत राहायची, थंडर आणि लाइटनिंग ही दोन कुत्री, ‘जॉली सेलर’ तंबाखूचा पाइप, आणि बोलणं जवळपास नाही. गोष्ट सुरू होते तेव्हा ती जाऊन दोन वर्षं झालेली. तिला टेकडीवरच पुरलं, बरोबर कच्च्या लोकरीचा पुंजका ठेवला, झोपडी जाळली. लोखंडी चाकं आणि शेगडी तेवढी मागे उरली. लोकर कशासाठी? मेंढपाळाला मेंढरं सोडून देवळात जाता येत नाही, तेव्हा वर गेल्यावर देवाने समजून घ्यावं म्हणून. इंग्लंडच्या टेकड्यांवर ही रीत खरोखर होती.

सरदाराच्या कुत्र्याने मेंढी मारली तो प्रसंग दोनदा वाचा. कायद्याने कुत्र्याला मरण. एरवी याच कायद्याने प्रजेची कुत्री मारवणारा सरदार आपल्या लाडक्या शिकारी कुत्र्यासाठी आजीच्या दारी येतो. आजी भाषण देत नाही. ती कुत्र्याला एका मेंढीबरोबर कोठारात कोंडते. मेंढीजवळ तिचं कोकरू असतं. पुढे काय झालं ते प्रॅचेट थोडक्यात सांगतात आणि कुत्रा जन्मात पुन्हा मेंढीकडे बघत नाही. न्याय, सत्ता आणि मेंढ्यांचं ज्ञान, तिन्ही एका कोठारात. किशोर वाङ्मयात इतकं घट्ट लिहिलेलं फार कमी सापडतं.

हा सगळा भाग इंदूरकराने वाचावा असा आहे. ज्या होळकरांनी हे शहर वाढवलं ते मल्हारराव होळ गावच्या धनगर घरातले. राजवाड्यासमोरून रोज ये-जा करणाऱ्या मुलांना धनगर म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातली एक ओळ असते. मेंढ्या राखण्यात किती शहाणपण लागतं, कोकरू आडवं आलं तर हात कसा घालायचा, कळप कसा मोजायचा, हे त्यांना कोणी सांगत नाही. इथे ते आहे, तपशिलासकट. आजी मेंढ्या मोजते ते ‘यान, टॅन, टेथेरा’ अशा जुन्या मेंढपाळी आकड्यांत, त्यात वीस म्हणजे ‘जिगिट’. टिफनी विसावं नातवंड, म्हणून आजीची जिगिट. आजीला टिफनीने एकदा जत्रेतून चिनीमातीची मेंढपाळीण आणून दिली होती. गुलाबी गाल, रेशमी झगा, हातात रिबीन बांधलेली काठी. ती बाहुली आणि ती आजी यांच्यातलं अंतर टिफनीला नंतर कळलं आणि तेव्हापासून ते तिला टोचतं आहे. सहावं प्रकरण, ‘द शेफर्डेस’, घाईत उरकू नका. ज्या घरातली आजी अलीकडे गेली आहे तिथे ते मुलाच्या हाती देण्याआधी मोठ्यांनी वाचून घ्यावं.

आणखी एक काळोखी जागा आहे. सरदाराचा मुलगा रोलंड हरवतो तेव्हा गाव एका म्हातारीवर, मिसेस स्नॅपरलीवर, संशय घेतं. दात नाहीत, एकटी राहते, स्वतःशी बोलते, म्हणजे चेटकीणच. तिला कोणी जाळत नाही. तिचं घर मोडतात, आपली दारं तिला बंद करतात आणि हिवाळा उरलेलं काम करतो. टिफनी नंतर त्या घरात जाते आणि तिथली भट्टी मोजते. मुलाला भाजण्याइतकी ती मोठी नसते. ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ लहानपणी ऐकलेल्या वाचकाच्या पायाखालची फळी इथे सरकते. हे परदेशातलं, जुन्या काळातलं म्हणून सोडून देता येत नाही. २००० पर्यंत मध्य प्रदेशाचाच भाग असलेल्या छत्तीसगडला २००५ मध्ये टोनही (चेटकीण) प्रताडना निवारण कायदा करावा लागला, तो अशाच म्हाताऱ्यांसाठी. आठवी-नववीच्या मुलाशी या विषयावर बोलायचं असेल तर या चार पानांपेक्षा चांगली सुरुवात मिळणार नाही.

पाण्यातली ती हिरव्या दातांची बयाही प्रॅचेट यांनी हवेतून काढलेली नाही. जेनी ग्रीनटीथ ही लँकेशरच्या लोककथांतली, पोरांनी तळ्याकाठी जाऊ नये म्हणून आयांनी सांगितलेली. विहिरीवर साती आसरा ओढून नेतात असं सांगणाऱ्या घरांना तिचं काम काय ते कळेल. पुस्तकात तर अशा बागुलबुवांना रीतसर वर्ग आणि श्रेणी लावलेली आहे.

आता दोष. आठव्यापासून अकराव्या प्रकरणापर्यंत गोष्ट परीराज्यात शिरते आणि सैल होते. स्वप्नातून स्वप्नात, बर्फातून जंगलात, जंगलातून नाचाच्या दालनात. कुठून कुठे आलो याचा धागा मुलांच्या हातून इथे निसटतो. टेकडीवर जो लेखक प्रत्येक दगडाचा रंग सांगत होता, तोच इथे धूसर होतो. स्वप्नं धूसरच असतात हे मान्य, पण शंभर पानं? राणी हे दुसरं दुखणं. तिला माया कळत नाही, म्हणून ती मुलं गोळा करते, ही कल्पना चांगली. पण ती प्रत्यक्ष समोर आल्यावर टिफनीला टोमणे मारण्यापलीकडे फार काही करत नाही. टिफनीबरोबरचा बोलका बेडूक, परीराज्यात सापडलेला रोलंड आणि वकिलांचा तो मोठा प्रसंग यांत तर रोलंड नुसता ओझं म्हणून वावरतो. शेवटाची उंची मात्र पुन्हा गाठली आहे. खडू म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात मेलेल्या बारक्या जिवांची कवचं, हे शाळेतलं विज्ञान प्रॅचेट शेवटच्या झुंजीत शस्त्र म्हणून वापरतात, आणि ते चपखल बसतं.

मधला भाग सुसह्य करायला एक युक्ती: दहाव्या प्रकरणाआधी रिचर्ड डॅड या चित्रकाराचं ‘द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक’ हे चित्र इंटरनेटवर उघडा. १८५५ ते १८६४ या काळात मनोरुग्णालयात राहून त्याने ते रंगवलं; आता ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. गवताच्या काड्यांआड दाटीवाटीने उभी असलेली ती विचित्र परीमंडळी आणि कुऱ्हाड उगारलेला माणूस प्रॅचेट यांनी सरळ गोष्टीत आणला आहे. चित्र बघितलेलं असलं की जो प्रसंग नुसता गोंधळ वाटतो तो डोळ्यांसमोर उभा राहतो. लेखकाने स्वतः पुस्तकाच्या शेवटी या चित्राचं ऋण मानलं आहे, पण शेवटी सांगून काय उपयोग!

आवृत्त्यांविषयी. साधी पेपरबॅक पुरेशी आहे. २००८ ची स्टीफन प्लेयर यांच्या चित्रांची मोठी आवृत्ती देखणी, पण जड. गादीवर लोळून वाचायला हात दुखतात आणि फीगल कसे दिसतात हे मुलाच्या डोक्यात तयार व्हायच्या आत चित्र सांगून टाकतं. भेट द्यायची असेल तरच ती घ्यावी. खजुरी बाजारात शोधत फिरण्यात अर्थ नाही, तिथे राज्य शालेय आणि स्पर्धा-परीक्षांच्या पुस्तकांचं. ऑनलाइन मागवताना मात्र नाव नीट बघा: पूर्ण कादंबरी हवी, टिफनीच्या पाचही पुस्तकांचा संच लगेच नको.

संच का नको, तर टिफनी वाचकाबरोबर वाढते. इथे ती नऊ वर्षांची आहे. ‘अ हॅट फुल ऑफ स्काय’मध्ये अकरा, ‘विंटरस्मिथ’मध्ये तेराच्या उंबरठ्यावर, तर २०१० च्या ‘आय शॅल वेअर मिडनाइट’मध्ये सोळाच्या. पहिली तीन सहावी ते नववीत हवी तेव्हा वाचावीत. चौथ्याच्या सुरुवातीलाच बापाने मारहाण केलेली गरोदर मुलगी आणि तिचा गेलेला गर्भ आहे. ते लिहिलंय समजुतीने, पण दहावीच्या आत देऊ नये, आणि संच घरात आणला की मुलं थांबत नाहीत. पाचवं, ‘द शेफर्ड्स क्राउन’, मार्च २०१५ मध्ये प्रॅचेट गेल्यानंतर त्याच वर्षी प्रकाशित झालं. त्यावर त्यांचा शेवटचा हात फिरायचा राहिला आहे हे वाचताना जाणवतं; ते, आधीची चार वाचून झाल्यावर ज्याला टिफनीला सोडवत नाही त्याच्यासाठी.